सिमेंट नंतर, आधी माती ओळखा

आजऱ्याकडे आमच्या गोठ्याच्या दोन भिंती मी माती-सिमेंटच्या दाबविटांनी बांधल्या. तांबडी माती, थोडं सिमेंट, पाणी आणि हाताने दाबायचं यंत्र, एवढंच लागलं. भट्टी नाही म्हणजे जळणही नाही. पण सगळी मदार मातीवर असते.

वरची हातभर माती बाजूला काढा. तिच्यात मुळं, शेणखत असतं आणि त्यात सिमेंट नीट धरत नाही. पहिल्या खेपेला मी घाईने परड्यातली वरचीच माती घेतली. साठेक विटांचे कोपरे बोटाने चुरायला लागले. आई बघत होती, म्हणाली, "बाळा, अजून खाली खण की!"

खालची माती वाळवून 5 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. सरळ अंगाच्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा, मग ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू. अर्ध्या तासात तिच्यावर बारीक गाळाचा थर जमतो. दुसऱ्या दिवशी सायीसारखा गुळगुळीत थर दिसतो, ती चिकणमाती. पट्टीने मोजा. वाळू दोन तृतीयांशाच्या आसपास आणि चिकणमाती 10 ते 15 टक्के असेल तर माती चांगली. आमच्यात चिकण जास्त निघाली, म्हणून तीन घमेली मातीला एक घमेलं क्रशरची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मिसळली. काळी माती मात्र घेऊच नका. ती पाण्याने फुगते नि उन्हात भेगाळते.

100 किलो कोरड्या मातीला 7 किलो सिमेंट, वजन करूनच. रंग एकसारखा होईपर्यंत कोरडंच कालवा, मग झारीने पाणी शिंपडा. मुठीत गोळा वळून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी, चपटा बसला तर जास्त. पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच घाणा करा.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 'मर्दिनी' यंत्राच्या मापाची, म्हणजे 305 बाय 143 बाय 100 मिलिमीटरची वीट वाळल्यावर साधारण 8 किलो भरते. सिमेंटच्या एका पोत्यात नव्वदेक विटा निघतात. साच्यात प्रत्येक वेळी सारखंच वजन घाला, नाहीतर एक वीट घट्ट नि दुसरी पोकळ होते.

ताज्या विटा सावलीत ठेवून प्लॅस्टिकने झाका. दुसऱ्या दिवसापासून 28 दिवस ओल्या ठेवा. मी पोती टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचो. मग एक वीट दिवसभर पाण्यात बुडवून कडेवर खिळा ओढा. नुसता ओरखडा उठला तर बांधायला घ्या. माती सुटली तर तो घाणा भिंतीत घालू नका.

जोत्याला दगडच वापरा, आमच्याकडचा पाऊस फार. विटांमधले सांधे भरायला एक भाग सिमेंट, दोन भाग माती, सहा भाग वाळू.