नोकरी, अण्णांचा दवाखाना, गाडी आणि पाण्याचा दिवस

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, तीन वर्षं झाली, घर जुळे सोलापुरात. ज्यांनी आत्ताच नोकरी धरलीय आणि घरचंही बघावं लागतंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण पहिल्या वर्षी माझी फार ओढाताण झाली.

आधी न हलणाऱ्या गोष्टी कॅलेंडरवर टाका. आपल्याकडे पहिलं पाणी. नळ चार दिवसांआड, कधी पाच, वेळेचाही भरवसा नाही, म्हणून पाण्याच्या दिवशी सकाळची अपॉइंटमेंट मी घेतच नाही. दुसरं ऑफिस. आमचं जीएसटी दर महिन्याचं, म्हणजे ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न), त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस रजा मागायची नाही हे मी स्वतःच ठरवून टाकलं. बाकीच्या दिवसांत हाफ डे लागला तर सरांना दोन दिवस आधी सांगते, आजवर नाही म्हणाले नाहीत.

अण्णांना शुगर आहे. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग नाश्ता, आणि नाश्ता सुरू केल्यापासून दोन तासांनी परत रक्त. आधी मी ते दोन तास लॅबच्या बाकड्यावर बसून काढायचे आणि संध्याकाळी ऑफिसातून दमून आल्यावर गाडीची कामं. एकदा अण्णाच म्हणाले, "तू जा गं, मी पेपर वाचत बसतो." तेव्हापासून त्या दोन तासांत हवा, पीयूसी आणि लक्ष्मी मंडईतली भाजी, तिन्ही उरकतं. डोळे दाखवायचे असतील तर मात्र नंबर लावतानाच विचारा, थेंब घालणार का म्हणून. बाहुली मोठी केली की चार-पाच तास धूसर दिसतं, पेशंटला एकट्याला स्कूटरवर पाठवायचं नाही, त्या दिवशी हाफ डे धराच.

आता गाडी. दोन वर्षांमागे एप्रिलमध्ये सकाळी सातला अण्णांना घेऊन निघाले, चावी फिरवली तर नुसतं टक-टक, अण्णा उपाशी, आणि शुगरवाल्या माणसाला ताटकळत ठेवायची इतकी भीती वाटली की हात कापत होते. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड बसलेली. महिनाभर आधीच सर्व्हिसिंग झालेलं, पण गॅरेजवाल्यानं बॅटरी बघितलीच नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. शेजारच्या काकांनी जंपर केबल लावली: लाल प्लसला प्लस, काळी त्यांच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब उडते. आपल्या उन्हानं बॅटरी लवकर खराब होते, तीन वर्षं झाली की मार्चमध्येच चेक करून घ्या, आणि सर्व्हिसिंगला देताना तोंडी सांगू नका, चिठ्ठी लिहून द्या: बॅटरी, कूलंट, ब्रेक.

हवा सकाळी टायर गार असताना भरा, दुपारी तापल्यावर आकडा जास्त दाखवतो. बीएस-४ आणि बीएस-६ (गाडीच्या धुराचे सरकारी निकष) गाडीला पीयूसी वर्षभर चालतं, त्यामुळे तारीख डोक्यातून निघून जाते, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा. इन्शुरन्स संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस जातो. माझ्या मैत्रिणीचा असाच गेला, फार वाईट वाटलं, कारण निमित्त एवढंच की त्या महिन्यात तिच्याकडे लग्नघाई होती.

आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत पार्क चौक, होम मैदानाच्या बाजूचं कुठलंही काम संध्याकाळी ठेवू नका. गर्दीत गाडी अडकते, पार्किंग मिळत नाही. मी अण्णांची तपासणी डॉक्टरांना विचारून सरळ पुढच्या आठवड्यात घेते आणि त्या संध्याकाळी त्यांना चालतच यात्रेला नेते, गाडी घरीच.