लंडन ते पॅरिस: अंतर किती, वेळ किती, हिशोब कसा लावायचा

आई-बाबांची ट्रिप ठरवताना तिकिटावर बघितलं तर लंडनहून सकाळी १० ला निघून पॅरिसला १२:१५, आई म्हणाली अगं सव्वा दोन तास लागतात की. तर नाही, पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे (दोन्हीकडे घड्याळं मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकदमच तासभर पुढे-मागे होतात म्हणून हा फरक वर्षभर तेवढाच), त्यामुळे जाताना तिकिटावरच्या वेळेतून एक तास वजा करा, येताना एक तास मिळवा. १० ला पॅरिसहून निघालेलं विमान लंडनला १०:२० ला उतरलेलं दिसेल, ते २० मिनिटांत पोचत नाही 🙂

अंतर स्वतः काढायचं असेल तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप उघडून लंडनवर राईट क्लिक करा, अंतर मोजायचा पर्याय घ्या आणि पॅरिसवर क्लिक करा, सरळ रेषेत साधारण ३४४ किमी येतं. आता याला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ८०० ने भागलं तर २६ मिनिटं येतात, पण एवढ्या जवळच्या फ्लाइटला तो वेग धड गाठताच येत नाही, वर चढलं की उतरायची तयारी सुरू, शिवाय रनवेपर्यंत रांगेत जाणं, लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या गर्दीत वर घिरट्या घालणं, म्हणून पाऊण-एक तास वर धरायचा. तिकिटावर सव्वा तास दिसतो तो असा.

पण खरा हिशोब घरापासून हॉटेलपर्यंतचा लावा, इथेच सगळे फसतात. मध्य लंडनहून ट्यूबने (तिथली मेट्रो) हीथ्रो तासभर, दोन तास आधी पोचायचं, विमान सव्वा तास, मग पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर पासपोर्टची रांग आणि बॅगा, तिथून आरईआर बी ट्रेनने शहरात अर्धा-पाऊण तास. झाले की साडेपाच-सहा तास! स्वस्त मिळालं म्हणून लूटन विमानतळाचं तिकीट काढाल तर ते मध्य लंडनपासून ५० एक किमी लांब आहे, तो वेळ आणि भाडं आधीच धरा.

दुसरा पर्याय म्हणजे युरोस्टार ट्रेन, ती लंडनच्या सेंट पँक्रसहून सुटते, पॅरिसच्या गार द्यू नॉरला साधारण २ तास २० मिनिटांत, दोन्ही स्टेशनं शहराच्या आतच. तास-सव्वा तास आधी गेलात की पुरतं, आणि फ्रेंच पोलीस पासपोर्ट लंडनलाच बघतात त्यामुळे पॅरिसला उतरून सरळ बाहेर. घरापासून धरलं तरी चार-साडेचार तास. शिवाय विमानासारखा द्रवपदार्थांचा १०० मिलीचा नियम नाही, आईची लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीतून आरामात गेली, विमानाला अजूनही बऱ्याच विमानतळांवर केबिन बॅगेतून ती काढून घेतात. मी तर ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर डोळे मिटून ट्रेनच सांगते, फक्त तिकीट लवकर काढा, शेवटी शेवटी फार महाग होतं.

आणि बुकिंगच्या आधी व्हिसा बघा, आपल्या पासपोर्टवर यूकेचा वेगळा आणि शेंगेन (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) वेगळा. मुंबईहून आधी पॅरिस, मग लंडन आणि परत पॅरिसहूनच घरी असा बेत असेल तर शेंगेन मल्टिपल एंट्रीच हवा, सिंगलवर एकदा लंडनला गेलात की परत पॅरिसला येता येणार नाही.