टूलमधून ईसीएन कशी काढायची

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) डिझाईनला आपली बरीच मराठी पोरं आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. टूल, म्हणजे डिझाईनमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर, ईसीएन (इंजिनीअरिंग चेंज नोटीस, डिझाईनमधल्या बदलाची सूचना) "आपोआप" बनवतं असं म्हणतात, ते म्हणजे नंबर देतं, जुन्या-नव्या बीओएममधला (पार्टच्या यादीतला) फरक काढतं आणि अप्रूव्हलच्या मेल पाठवतं, बाकी डोकं आपलंच लावायचं.

ईसीआर (बदलाची मागणी) मंजूर झाली की तिच्यातूनच ईसीएन क्रिएट करा, म्हणजे लिंक राहते. पार्ट टाकल्यावर आधी व्हेअर-यूज्ड (तो पार्ट कुठे कुठे लागतो ती यादी) चालवा, हे टाळूच नका, कारण समजा एम१० (१० मिमीच्या) बोल्टसाठी ब्रॅकेटचं भोक ९ मिमीचं ११ केलं आणि तोच ब्रॅकेट दुसऱ्या असेंब्लीत एम८ वर बसत असला तर तिथे तो हलणार आणि बोंब असेंब्लीवाले मारणार. जुना-नवा पार्ट एकमेकांच्या जागी चालत नसेल तर नुसती रिव्हिजन वाढवून भागत नाही, नवा पार्ट नंबरच घ्या. रिव्हिजनची अक्षरं टूलवर सोडा, ड्रॉइंगच्या रिव्हिजनच्या एएसएमई वाय१४.३५ या स्टँडर्डप्रमाणे आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड वगळतात.

कारणाच्या रकान्यात "डिझाईन सुधारणा" असलं मोघम काही नको. इफेक्टिव्हिटी (बदल कधीपासून लागू) तारखेने द्यायची की सीरियल नंबरने हे ठरवायच्या आधी स्टोअरच्या भाईंना फोन लावून शिल्लक माल विचारा, मग वापरून संपवायचा, रीवर्क की स्क्रॅप ते भरा आणि सबमिट करा.

रिलीज झाल्यावर ईआरपीत (खरेदी-स्टोअर-उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नवी बीओएम आली का बघा, आणि शॉपवरच्या जुन्या प्रिंट स्वतः जाऊन उचला, ते काम कुठलंच टूल करत नाही.