उटण्याच्या साबणाची पूर्वतयारी

अनंत चतुर्दशीपासून नरकचतुर्दशी दीड महिन्यावर असते. साबण मुरायला चार-पाच आठवडे लागतात, म्हणजे तेलं आणि पुडी तयार करायला आपल्या हाती जेमतेम आठवडा. गणपती गेले की मी लगेच बसते.

माझं प्रमाण ५०० ग्रॅम तेलाचं: खोबरेल २५०, राइस ब्रान १५०, एरंडेल ५०, भिरंडेल ५०. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, टाचांना लावतो ते. त्याने वडी टणक होते. त्याचा गोळा किसूनच घ्या, नाहीतर वितळता वितळत नाही. एरंडेलाने फेस टिकतो, पण जास्त झालं की वडी चिकट होते.

आता मंजिष्ठा. काष्ठौषधीच्या दुकानातून मुळ्याच आणा, तयार पूड नको. जाडसर कुटून दोन मोठे चमचे राइस ब्रानच्या बरणीत घाला. पातेल्यात तळाला फडकं, वर बरणी, बरणीच्या गळ्याखाली पाणी. मंद आचेवर दोन तास. बरणी आणि चमचा ठणठणीत कोरडे हवेत. मग जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळा आणि पुन्हा वजन करा. कुटलेली मुळी तेल पिते, १५० चं १३५ होतं. कमी पडलेलं साधं तेल घालून भरून काढा. हे राहिलं तर कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, तेलाचा साबण करणारा तीव्र क्षार) जास्त होऊन साबण अंगाला चरचरतो. तेल बदललं तरी गणित नव्याने: १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक लागतं, एरंडेलाला १३ च्या आत. आलेल्या आकड्यातून पाच टक्के कमी करायचे. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. हातमोजे, चष्मा घालूनच, आणि ॲल्युमिनियमचं भांडं नको.

नागरमोथा, कपूरकाचरी, आवळकाठी वस्त्रगाळच हवी. अंगाला लावायच्या उटण्यात थोडी भरड चालते, वडीत ती ओरखडते. सगळं मिळून दोन छोटे चमचे, त्याहून जास्त नको. मुलतानी माती एक चमचा, थोड्या तेलात आधी कालवून ठेवा. कोरडी टाकली की गुठळ्या होतात. हळद अर्धा चमचा पुरे. क्षारात ती आधी लालभडक होते (कुंकू असंच तर करतात), मुरताना पिवळट मातकट रंगावर येते. तेव्हा घाबरून वरून आणखी हळद टाकू नका.

ताजी तुळस, कडुलिंबाचा वाटलेला पाला, गुलाबाच्या पाकळ्या मी घालत नाही. फोटोत छान दिसतात, महिन्याभरात काळपट पडतात. लिंबाचा रसही नको, तो कॉस्टिक खातो आणि वडी मऊ राहते.

पुडी घालायच्या त्या तेल आणि कॉस्टिकच्या पाण्याचं मिश्रण पातळ कढीइतकं दाटल्यावर. आधी घातल्या तर तळाशी बसतात आणि वडीची एकच बाजू तपकिरी होते.