शब्दांची वही: रोजचा एक आनंद आणि त्याला शोभणारा एक शब्द

लेक्चर रद्द झालं, ग्रंथालयात खिडकीजवळची जागा मिळाली, जेवणानंतर पडल्या पडल्या डोळा लागला. कॉलेजातले असे क्षण ‘मस्त वाटलं’ म्हणून मोकळे सोडू नका. रोज त्यातला एक क्षण आणि त्याच्यासाठी एक शब्द टिपायचा, एवढंच काम.

वही खिशात मावेल अशी घ्या, साधारण १०५ × १४८ मिलिमीटरची. पानांवर आधीच आकडे घाला आणि शेवटची दहा पानं सूचीसाठी राखून ठेवा. दिवसभरात मोबाइलवर टिपलं तरी चालेल, पण त्याच रात्री वहीत उतरवा. मोबाइलमधली टिपणं नुसती साठत जातात आणि बहुधा कुणी परत उघडत नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी क्षण, मग शब्द. कोशातून देखणा शब्द उचलून त्याला दिवसातली जागा शोधत बसलात तर तो टिकत नाही. उलट, काही काम नसताना तासभर गप्पा रंगल्या आणि मग ‘शिळोप्याच्या गप्पा’ भेटल्या, की शिळोपा म्हणजे फुरसत हे पाठ करावं लागत नाही. खिडकीच्या फटीतून तिरपी आत येते ती उन्हाची तिरीप. कवडसा म्हणताना डोळ्यासमोर बहुधा भिंतीवर किंवा फरशीवर पडलेला उजेडाचा तुकडा येतो. वामकुक्षी म्हणजे जेवणानंतर डाव्या कुशीवर घेतलेली विश्रांती. वाम म्हणजे डावा, कुक्षी म्हणजे कूस. त्यामुळे सकाळच्या पहिल्या लेक्चरला लागते ती वामकुक्षी नव्हे, डुलकी.

सगळ्यात जास्त अडतं ते कोशात शब्द शोधताना. वाचनात शब्द येतो विभक्तीचा प्रत्यय लावून, कोशात असतो मूळ रूपात. ‘कवडशात’ शोधून काही मिळणार नाही. घसा–घशात, मासा–माशाला तसा कवडसा–कवडशात, म्हणजे ‘श’चा ‘स’ करून पाहायचं. ‘झुळकेने’चं मूळ झुळूक, ‘शिळोप्याच्या’चं शिळोपा. प्रत्यय काढा, उरलेल्या रूपाचा शेवट बदलून दोनतीन शक्यता लिहा, मग शोधा.

जुन्या कोशांत आणखी एक अडचण येते. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि दाते–कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. आज आपण लिहितो तसं अनुच्चारित अनुस्वार गाळलेलं लेखन १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर रूढ झालं. म्हणून तिथे ‘काटा’ न सापडल्यास ‘कांटा’, ‘नाव’ऐवजी ‘नांव’, ‘करणे’ऐवजी ‘करणें’ असं टाकून बघा. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, पण शोधखिडकीत एक अनुस्वार चुकला तरी उत्तर कोरं येऊ शकतं. छापील कोशात ‘क्ष’ मिळाला नाही तर ‘क’च्या जोडाक्षरांतही बघा आणि अगदी शेवटीही.

शब्द सापडला की नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख, त्या क्षणाची एक ओळ, शब्द आणि त्याचं लिंग, त्याचं क्रियापद, आणि स्वतःचं एक वाक्य. यातलं क्रियापद कधीच गाळू नका. हुरहूर लागते, कानोसा घेतात, आडाखा बांधतात, आळोखेपिळोखे देतात. ‘मी कानोसा केला’ म्हटलं की अर्थ माहीत असूनही शब्द परका वाटतो. कोशातला अर्थ जसाच्या तसा उतरवणं हीसुद्धा नेहमीची चूक. त्याने वही भरते आणि बोलण्यात काहीच येत नाही.

जवळच्या अर्थाचे शब्द एकाच पानावर ठेवा. सत्र संपताना हॉस्टेलची खोली रिकामी होते तेव्हा हुरहूर. सांगायचं ते सांगायचं राहून गेलं, ते सलत राहतं ती रुखरुख. हातातोंडाशी आलेलं थोडक्यात हुकलं की चुटपुट. प्रत्येकाला वेगळा प्रसंग जोडल्याशिवाय हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळतात.

रोजच्या क्षणाला रोज नवा शब्द सापडेलच असं नाही; आठवड्याला तीन ते पाच शब्द मिळाले तरी पुरेत. रोज दहा लिहिणाऱ्याची वही पंधरवड्यात बंद पडते, कारण उजळणीचा ढीग वाढतो. नवं शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ साली दाखवलं. म्हणून उजळणी सुरुवातीला जवळजवळ, नंतर लांब अंतराने: दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवशी. शब्द झाकून फक्त क्षणाची ओळ वाचा आणि शब्द आठवा. शब्द वाचून अर्थ आठवणं सोपं असतं, पण बोलताना गरज उलट दिशेची पडते.

वापरताना एका परिच्छेदात एकच अनोखा शब्द ठेवा. तीन ओळींत तीन आले की वाचणारा मजकूर सोडून शब्दच मोजू लागतो. परीक्षेच्या उत्तरात तर वाक्यात आपसूक बसणाराच घ्या. पहिला वापर मित्राला पाठवलेल्या मेसेजमध्ये करा. त्याला अर्थ विचारावा लागला तरी वाक्य कळलं असेल, तर शब्द नीट बसला.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून शब्द मिळवताना ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका. त्याला उत्तर म्हणून दुसरा, सोपा शब्द मिळतो. ‘आजी, हे तू कधी म्हणतेस?’ असं विचारा आणि ती जे वाक्य बोलेल ते तिच्याच उच्चारात, न सुधारता, लिहून घ्या.