पोट साफ होण्याचे औषध निवडताना या चुका टाळा

नौपाड्यातील औषधाच्या दुकानात ‘पोट साफ होण्याचे काहीतरी स्ट्राँग द्या’ ही मागणी मी रोज ऐकतो, आणि औषध कोणासाठी हवे, त्रास किती दिवसांचा आहे, असे विचारले की गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालते.

मोठ्यांची नेहमीची चूक उतावळेपणाची आहे. लॅक्टुलोज या शी मऊ करणाऱ्या पातळ औषधाचा गुण यायला एक-दोन दिवस, कधी तीनही लागतात. बिसाकोडिलची गोळी आतड्यांना चाळवते, ती मात्र सहा ते बारा तासांत काम करते. हे लक्षात न घेता रात्री लॅक्टुलोज, सकाळी ‘काहीच झाले नाही’ म्हणून बिसाकोडिल आणि वर शेजाऱ्यांनी सुचवलेले चूर्ण घेणारी मंडळी संध्याकाळी जुलाब थांबवण्याची गोळी मागायला येतात. बिसाकोडिल दुधाबरोबर घेऊ नये, कारण गोळीवरचे आवरण आतड्याऐवजी जठरातच विरघळते आणि मुरडा येतो. चूर्ण आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी डब्यावर सोनामुखी लिहिली आहे का ते पाहावे. तीही आतड्यांना चाळवणारीच आहे.

इसबगोल घोटभर पाण्यात उरकू नये. ते फुगून काम करते, म्हणून पेलाभर पाणी हवेच, आणि ते घेऊन लगेच आडवे होऊ नये.

मुलांच्या बाबतीतली चूक अधिक महाग पडते. वर्तकनगरहून एक आई चार वर्षांच्या मुलासाठी जुलाब बंद होण्याचे औषध मागायला आली होती, कारण त्याची चड्डी दिवसातून अनेकदा खराब होत होती. नीट शी कधी झाली होती, असे विचारल्यावर ‘आठवडा होऊन गेला असेल’ असे उत्तर आले. शिवाय मुलगा पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभा राहतो, हेही तिने सांगितले. आत कडक खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि घरच्यांना तो जुलाब वाटतो. मी औषध दिले नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तपासणीत तेच निघाले. त्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल या शी मऊ करणाऱ्या औषधाची पावडर वजनानुसार आधी मोठ्या मात्रेत, मग कमी मात्रेत सुरू केली. मुलांमध्ये प्रथम याच औषधाचा विचार होतो, आणि ते निदान दोन महिने चालू ठेवावे लागते. आठवड्याभरात शी मऊ झाली म्हणून ते परस्पर बंद करणाऱ्या पालकांपुढे मी हात टेकले आहेत. मूल पुन्हा दुखेल या भीतीने शी रोखते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. जेवणानंतर त्याला थोडा वेळ कमोडवर बसवावे आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

तान्ह्या बाळाला लिक्विड पॅराफिन हे तेलकट सारक देऊ नये, वर्षाच्या आत मध चाटवू नये. अंगावर पिणारे बाळ काही दिवस शी करत नसेल, पण ती मऊ होत असेल आणि बाळ नीट पीत असेल, तर औषधाची गरज नसते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मॅग्नेशियाचे औषध डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. लोहाच्या किंवा कोडीन या वेदनाशामकाच्या गोळ्या चालू असतील तर आधी ते सांगावे, कारण त्रासाचे मूळ तिथेही असू शकते.

पोट फुगून उलट्या होत असतील, रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर माझ्याकडून सारक मिळत नाही. मी डॉक्टरांकडे जायला सांगतो.