कानात सतत वाजतंय? ऐकण्याची तपासणी कशी करून घ्यावी

देवगडच्या घरी एका रात्री दोन वाजता बाबांनी मला उठवलं. "रे, पंप चालूच ऱ्हवलो काय?" बॅटरी घेऊन आम्ही दोघं विहिरीवर गेलो. मी पंपावर हात ठेवला. थंडगार. मागे वळून पाहिलं तर अख्ख्या वाडीत अंधार होता, वीजच गेलेली. बाबा मात्र पंपाशेजारी उभे राहून सांगत होते, ऐक, वाजतोय.

बाबा तीस वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान, होते. ट्रॉलरचं डिझेल इंजिन पायाखाली, कानाशी जाळं ओढणाऱ्या विंचचा खडखडाट आणि त्यावर ओरडून खलाशांना दिलेल्या हाका, असं त्यांचं आयुष्य गेलं. त्या रात्रीनंतर त्यांची ऐकण्याची तपासणी व्हायला सहा वर्षं लागली. एका डॉक्टरांनी वयावर ढकललं आणि आम्हीही ते मानून घेतलं. बाबाही म्हणायचे, "ह्या वयात असा होताच." तुमच्या घरात ही सहा वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, किर्र, घूं किंवा सूं ऐकू येतं, त्याला कर्णनाद म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत टिनिटस. हा आजार नव्हे, लक्षण आहे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा गुंडाळलेला एक भाग असतो आणि त्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू ती उणीव भरायला स्वतःच आवाज वाढवतो, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्यामुळे ऐकू कमी येतंय हे आपल्याला कळायच्या आधीच पुष्कळदा किर्र सुरू झालेली असते. कानात वाजायला लागलं की गोळी शोधण्याआधी ऐकण्याची तपासणी करून घ्यावी, असं मी म्हणतो ते याच कारणाने.

पायरी १: आठवडाभर आवाज वहीत लिहा

कुठल्या कानात वाजतं की दोन्हीकडे? सतत की मधूनमधून? शिट्टी, रातकिडे, की नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड? चक्कर येते का, कानाला दडा बसल्यासारखं वाटतं का? चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं त्याच पानावर लिहा. जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लाटिन, मलेरियावरचं क्विनिन ही कानावर परिणाम करणारी औषधं म्हणून माहीत आहेत. तरी स्वतःहून कुठलंही औषध बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. शेवटी कामाचा इतिहास: बोट, चिरेखाण, भातगिरण, सुतारकाम, ढोलपथक, किती वर्षं.

हे एक आठवडाच करा. रोज कान लावून तो आवाज मोजत बसलात, तर मेंदू त्यालाच महत्त्व देतो आणि त्रास वाढतो.

पायरी २: ही लक्षणं असतील तर आठवडाही थांबू नका

एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर ती तातडीची गोष्ट समजा. सकाळी उठलो आणि कान बंद, असं लोक सांगतात. सर्दीने दडा बसला असेल म्हणून वाट बघतात. पण ती आतल्या कानाची इजा असेल तर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाचे ठरतात, नंतर संधी झपाट्याने कमी होते. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.

डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेला आवाज, सोबत चेहरा वाकडा होणं, तोल जाणं, कानातून पू किंवा रक्त येणं यांनाही थांबायची सवलत नाही. नाडीबरोबर धडधडणारा किंवा फक्त एकाच कानात टिकून राहिलेला आवाज असेल तर रक्तवाहिन्या किंवा ऐकण्याची नस तपासावी लागते, कधी एमआरआय लागतो. आणि कानातल्या आवाजाने कुणी जगणंच नकोसं झालं असं बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे घेऊन जा.

पायरी ३: कानात काहीही घालू नका

कोमट तेल, लसणीचं तेल, केसाची पिन, काडेपेटीची काडी, कापसाची काडी, यातलं काहीच नको. काडीने मळ बाहेर येत नाही, आत ठासला जातो. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. शिवाय आपल्याकडची दमट हवा कानातल्या बुरशीला पोषक असते. ओल्या कानात काडी फिरवून ओरखडा पडला की तिला जागाच मिळते. पोहून आल्यावर डोकं एका बाजूला कलतं करा, पाणी निथळू द्या, बाहेरचा कान कोरड्या पंच्याने टिपा. तेवढं पुरे.

पायरी ४: योग्य वेळ आणि योग्य जागा निवडा

मासेमारी करणाऱ्या घरांसाठी वेळ ठरलेलीच आहे. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. बोटी वर ओढलेल्या, इंजिनं थंड. मोठ्या आवाजात काम केल्यावर कान काही तास तात्पुरता मंद होतो आणि तपासणीत खऱ्याहून वाईट आकडे येतात. म्हणून चाचणीआधी किमान १४ तास गोंगाटापासून दूर राहायला सांगतात. रात्रभर समुद्रात राहून सकाळी थेट दवाखान्यात गेलेल्या माणसाची चाचणी म्हणूनच फसवी ठरते. चिरेखाणीही पावसात थांबतात, त्या कामगारांनाही हेच दोन महिने सोयीचे.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून कान बघायला हवा. पुष्कळदा नुसता मळ निघतो आणि आवाज त्याच दिवशी थांबतो. मग ऑडिओलॉजिस्टकडे ऐकण्याची चाचणी. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय गाठता येतं. ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. निघण्यापूर्वी फोन करून ऑडिओमेट्री, म्हणजे ही चाचणी, कुठल्या वारी होते ते विचारा, नाहीतर एसटीचा दिवसभराचा प्रवास फुकट जातो. मुंबईत नातेवाईक असतील तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामाला वाहिलेली आहे.

श्रवणयंत्राच्या दुकानातली मोफत तपासणी वाईट नाही, पण डॉक्टरांनी कान बघण्याआधी तिथे यंत्र विकत घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचं हिअर-डब्ल्यूएचओ हे मोफत ॲपही आहे. हेडफोन लावून गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात. त्यातून अंदाज येतो, निदान होत नाही.

कानात काहीच वाजत नसलं तरी पन्नाशीनंतर तपासणी करावी. जागतिक आरोग्य संघटना ५० ते ६४ या वयात दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी ती करायला सांगते.

पायरी ५: चाचणीत काय करायचं ते आधीच समजून घ्या

बाबांना भीती होती ती इंजेक्शनची. तसलं काही नसतं. काचेची खिडकी असलेली छोटी खोली, भिंती मऊ, दार लागलं की बाहेरचं सगळं बंद. कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक बीप ऐकू आली की दाबायचं, अगदी अंधुक असली तरी. पहिल्या पाच मिनिटांत बाबांनी बटण इतक्या वेळा दाबलं की ऑडिओलॉजिस्ट मॅडम उठून आत आल्या. बाबा म्हणाले, "कानातले रातकिडे वरडतत, तुमची बीप खंयची ता कळणा नाय." मॅडमनी मग तुटक तुटक टोन दिला, पिप-पिप-पिप असा, आणि काम झालं. म्हणून आत शिरतानाच सांगा की माझ्या कानात वाजतं. ही सोय त्यांच्याकडे असते.

चाचणी अर्ध्या तासात होते, दुखत नाही. हातात येतो तो आलेख, ऑडिओग्राम. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. बाबांच्या आलेखात ४००० हर्ट्झजवळ दोन्ही रेषांना खड्डा होता आणि पुढे त्या थोड्या वर आल्या होत्या. गोंगाटाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण.

तो खड्डा बघितल्यावर मला जेटीवरचे लिलाव आठवले. स, श, त, ठ यांसारख्या अक्षरांचा बारीक भाग त्याच पट्ट्यात येतो. बाबा दोन-तीन वर्षं बोलीत सात आणि साठ यांत घोटाळा करत होते, लोक चिडत होते आणि आम्हाला वाटायचं, लक्ष नाही त्यांचं.

पायरी ६: अहवालानंतरचे उपचार

मळ, जंतुसंसर्ग, मधल्या कानातलं पाणी असेल तर त्यावर उपचार होतात. आतल्या कानाची इजा असेल तर कर्णनाद मुळापासून घालवणारी खात्रीची गोळी आज नाही. जिंको, झिंक, जीवनसत्त्वांच्या महागड्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राने दुहेरी फायदा होतो: माणसांचे आवाज नीट येतात आणि त्यात किर्र मागे पडते. त्रास मनाला लागला असेल तर समुपदेशनाची सीबीटी ही विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत सगळ्यात तपासलेली आहे. आवाज तेवढाच राहतो, पण त्याची धास्ती आणि झोपमोड कमी होते.

रात्री पूर्ण शांततेत झोपू नका. मंद आवाज चालू ठेवा, किर्रपेक्षा किंचित हळू. इथे किनाऱ्याच्या लोकांना एक देणगी आहे. बाबांनी खाट समुद्राकडच्या खिडकीशी हलवली, गाज ऐकत झोप लागते. पावसात कौलांवरचा आवाज असतो, काही वाटत नाही. पाऊस सरल्यावर रात्री निवांत होतात तेव्हा जास्त वाजतं. त्यासाठी पंखा आहेच.

दोष मोठा असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं आणि पात्र असल्यास केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रही. जिल्हा रुग्णालयातच चौकशी करा.

पायरी ७: राहिलेलं ऐकणं जपा

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानाला जास्त आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसात आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. इंजिनखान्यात, चिरा कापणाऱ्या यंत्रापाशी फोमचे इअरप्लग घालाच. कापसाच्या बोळ्याचा उपयोग नाही. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर लोंबत असेल तर तो बसलेला नाही, परत घाला.

शिमग्यात ढोल वाजणारच आणि वाजावेतही. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, तेवढं मागे सरा. मात्र विसर्जनात डीजेच्या भिंतीसमोर बापाच्या खांद्यावर बसलेलं दोन वर्षांचं पोर दिसतं तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्या पोराला मागे न्या, कुणी हसलं तरी न्या.

घरात नुकतं बाळ झालं असेल तर त्याचीही तपासणी विचारून घ्या. बाळ झोपलेलं असताना कानात छोटं मऊ टोक ठेवून काही मिनिटांत होते. एक महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार, हा हिशोब पाळला तर मूल बोलायला मागे पडण्याचा धोका खूप कमी होतो.

पायरी ८: कागद जपून ठेवा

ऑडिओग्रामची मूळ प्रत मागून घ्या, तिच्यावर तारीख आहे ना ते बघा. बाबा ती बोटीच्या परवान्याच्या प्लास्टिक पिशवीत ठेवतात. पुढच्या वर्षी बंदी लागली की तीच पिशवी घेऊन जायचं, नवा आलेख जुन्यावर ठेवायचा आणि खिडकीच्या उजेडात धरून बघायचं, खड्डा तेवढाच आहे की खोल गेला.